हातमोजा जाड नको, घट्ट हवा

पत्र:
स.न.वि.वि. मी फोंड्याची, वय २९, नोकरी पणजीला. नोव्हेंबरपासून रविवारी सकाळी शापोरा नदीत वॉटर स्कीइंग शिकतेय. दोन स्कींवर आता उभी राहते, पण चौथ्या-पाचव्या फेरीला तळहात सोलून निघतात. बोटांच्या मुळाशी फोड आलेत, त्यातला एक फुटलाय. जिमचे ग्लोव्हज घालून बघितले, ते पाणी पिऊन फुगले. मग भावाचे बाइकचे घातले, तर पडल्यावर उजवा हातातून निघून नदीतच गेला. शिकवणारे म्हणतात, हात हळूहळू घट्ट होतील. ऑनलाइन बघावं तर चामडं, केव्हलार, निओप्रीन असं काय काय, आणि प्रत्येकाचा साइझचा तक्ता वेगळा. माझा हात लहान आहे. कुठला घ्यावा, आणि नीट बसलाय हे कसं ओळखावं?
ता.क. भाऊ उरलेल्या डाव्या ग्लोव्हचं काय करायचं म्हणून रोज विचारतो.
– एक वाचक, फोंडा

उत्तर:
ताई, ग्लोव्हजआधी फोडाचं बघू. फुटलेली जागा पूर्ण बंद होईपर्यंत नदीत उतरू नका. खाऱ्या, कोमट पाण्यात उघड्या जखमेला बाधा करणारे जंतू असतात, आणि वरून ग्लोव्ह घातला म्हणून पाणी आत शिरायचं थांबत नाही. वरची सुटलेली कातडी ओढून काढू नका, आतल्या कोवळ्या जागेला तिच्याइतकं चांगलं झाकण दुसरं नाही. साबण-पाण्याने धुवा, कोरडं करा, स्वच्छ पट्टी लावा. लाली पसरायला लागली, हात सुजला किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पुढच्या रविवारची वाट बघू नका.

आता मुद्द्याचं. फोड दाबाने येत नाही, सरकण्याने येतो. हँडल ओढ घेतं तेव्हा वरची कातडी दांड्याला धरून राहते आणि आतलं मांस-हाड किंचित पुढेमागे होतं. असं शंभरदा झालं की मधले थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. भिजून मऊ पडलेल्या कातडीत हे आणखी लवकर होतं. म्हणून हाताखाली गादी घालून फोड थांबत नाहीत. गादी स्वतःच सरकते, चुरगळते, आणि तिची घडी हातात रुतते. ग्लोव्हने हाताची दुसरी कातडी व्हायचं असतं. जी काही घसट व्हायची ती ग्लोव्ह आणि दांडा यांच्यात व्हावी, ग्लोव्ह आणि हात यांच्यात नाही.

जाड ग्लोव्हचा दुसरा तोटा कोणी सांगत नाही. तळव्याकडे दोन-तीन मिलिमीटर जाडी आली की दांडा हाताला आणखी जाड लागतो. लहान हाताला जाड दांडा धरायला जास्त जोर लागतो, आणि मग कोपरापासून मनगटापर्यंतचा हात लाकडासारखा होतो. पाचव्या फेरीत बोटं आपोआप उघडायला लागतात ती त्यामुळे. तुम्हाला वाटतं ताकद कमी पडली, प्रत्यक्षात दांडा जाड पडलेला असतो.

यावरून तुमच्या दोन्ही प्रयोगांचा निकाल लागतो. जिमच्या ग्लोव्हला फोम असतो, तो पाणी धरतो. बोटं अर्धी उघडी असतात, त्यामुळे कापडाची कड नेमकी बोटांच्या मधल्या पेरावर घासते. त्यातही मनगटाला पट्टा किंवा हूक असलेले, वजन उचलायचे ग्लोव्हज होडीच्या मागे कधीच वापरू नका. पडताना हात दांड्यापासून सुटलाच पाहिजे. जो ग्लोव्ह तुम्हाला दांड्याला बांधून ठेवतो, तो खांदा उखडू शकतो. बाइकचा ग्लोव्ह वाऱ्यासाठी आणि रस्त्यावरच्या खरचटण्यासाठी असतो. त्याचं अस्तर पाण्यात सुटं होतं आणि हात आत घसरतो. बागकामाचे रबर लावलेले विणीचे हातमोजे कोरडे असताना छान पकडतात, पण वीण भिजली की बोटांची टोकं अर्धा इंच लांब लोंबतात. यष्टिरक्षकाचे सुती इनर ग्लोव्हच्या आत घालायचं सुचवणारेही भेटतात. सुती कापड भिजलं की त्याच्या सुरकुत्या होतात, आणि तुम्हाला टाळायची आहे ती नेमकी सुरकुतीच. डायव्हिंगचे तीन मिलिमीटरचे निओप्रीन हातमोजे थंड पाण्यासाठी असतात. आपल्या किनाऱ्याचं पाणी २७ ते ३० अंश, तिथे ते घालून काय मिळणार? शिडाच्या होडीवर वापरतात ते ग्लोव्हज यातले सर्वांत जवळचे, पण अंगठा आणि तर्जनी उघडी नसलेले मिळाले तरच.

वॉटर स्कीच्या खऱ्या ग्लोव्हमध्ये बघायच्या गोष्टी फार नाहीत, पण प्रत्येकीमागे कारण आहे. तळव्याचा भाग पातळ हवा, आणि दांडा बसतो त्या पट्ट्यात, म्हणजे बोटांच्या मुळापासून पहिल्या पेरापर्यंत, शिवण अजिबात नको. बोटांच्या टोकाची शिवण बाहेरच्या अंगाला असलेले मिळतात. दिसायला उलटे घातल्यासारखे, पण नखावर काही टोचत नाही. पाठीकडचा भाग लवचिक हवा, जाळीचा किंवा पातळ ताणकापडाचा, म्हणजे पाणी निथळतं आणि मूठ वळताना ओढ बसत नाही. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी सर्वांत आधी फाटते. तिथे दुहेरी तुकडा आहे का बघा. मनगटाचा वेल्क्रो निदान दोन बोटं रुंद हवा. अरुंद पट्टी रुतते आणि पडल्यावर उघडते. तुमच्या भावाचा ग्लोव्ह गेला तो मापामुळे तर गेलाच, पण मनगट सैल असलं की पडताना पाणी जोरात आत घुसतं आणि आतूनच ढकलून काढतं.

चांगले ग्लोव्हज आधीच वाकवलेले शिवतात. तळव्याकडचं कापड पाठीपेक्षा आखूड कापलेलं असतं, त्यामुळे हात सपाट ठेवला की बोटं ओढल्यासारखी वाटतात. दुकानात पुष्कळ जण हात पसरून बघतात आणि "लहान होतोय" म्हणून मोठा साइझ घेतात. मूठ वळूनच बघा. तुम्ही पाण्यावर हात पसरून उभ्या राहणार नाही.

चामडं की सिंथेटिक? बकरीचं चामडं पातळ, मऊ, दांड्याची जाण उत्तम देतं, आणि शर्यतीवाल्यांना ते आवडतं यात नवल नाही. पण ते भिजून ताणतं, आणि मिठासकट वाळलं की पापडासारखं कडक होतं. नदी म्हणजे गोडं पाणी असं समजू नका. मांडवी, जुवारी, शापोरा या सगळ्यांत भरतीचं पाणी कित्येक किलोमीटर आत जातं, आणि पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत, म्हणजे नेमका तुमचा हंगाम, मचूळपणा वाढतच जातो. म्हणून गोव्यात पहिली जोडी सिंथेटिक सुएडची, म्हणजे मऊ लवीच्या नकली चामड्याची घ्या. अमारा या नावाने ते बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. ओलं असताना पकड चांगली, धुतल्यावर मऊ राहतं, तासा-दोन तासांत वाळतं. केव्हलार हा स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीत शोधलेला तंतू, बुलेटप्रूफ जॅकेटात वापरतात तोच. जिथे घासून कापड जातं तिथे त्याचा पट्टा किंवा धागा असणं चांगलं, पण केव्हलार म्हणजे मऊपणा नव्हे. नुसतं नाव वाचून जास्तीचे पैसे देऊ नका. एका स्कीवर स्लालम, म्हणजे डावी-उजवी वळणं घेत जाणं, करायला लागलात, वळणावर ओढ कित्येक पट वाढायला लागली, की मग त्याचा उपयोग. दोन स्कींवर आठवड्याला एक सकाळ, एवढ्याला साधा पातळ ग्लोव्ह पुरतो.

मापासाठी शिंप्याचा टेप घ्या, स्टीलचा नको. ज्या हाताने लिहिता तो हात मोजा, तो बहुधा थोडा रुंद असतो. चार बोटांच्या मुळाशी, हात सर्वांत रुंद असतो तिथून, अंगठा सोडून टेप फिरवा. टेकेल इतपतच, आवळू नका. दुसरं माप मनगटाच्या पहिल्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. हे सकाळी नको, संध्याकाळी घ्या, दिवसभरात हात किंचित फुगतो. समजा रुंदी सव्वासात इंच आली. एका कंपनीत ते स्मॉल ठरेल, दुसरीत एक्स्ट्रा स्मॉल, म्हणून एस-एम-एल या अक्षरांवर कधी जाऊ नका, त्या त्या कंपनीच्या तक्त्यातल्या इंचांवर जा. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या, कारण भिजल्यावर सिंथेटिकही थोडं सैल पडतं आणि चामडं बरंच. याला अपवाद एकच: बोटं लांब आणि तळवा अरुंद असेल तर लहान मापात नखं दबतील. तुमच्यासारख्या हाताला बायकांच्या मापाचा ग्लोव्ह आधी बघा, तो तळव्याला अरुंद असतो. मुलांचा मोठा साइझ स्वस्त पडतो खरा, पण त्याची बोटं आखूड असतात. रुंदी जुळली म्हणून फसू नका.

ग्लोव्ह हातात आला की टॅग काढायच्या आधी कोरडी तपासणी. मूठ वळा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने तळव्यावरचं कापड उचलून बघा. चिमटीत घडी आली तर ग्लोव्ह मोठा. बोटांच्या टोकाला रिकामं कापड राहायला नको. तांदळाच्या दाण्याएवढं चालेल, त्याहून जास्त नाही. बोटांच्या बेचक्या अगदी तळाशी टेकल्या पाहिजेत. तिथे फट राहिली की सगळा ग्लोव्ह पुढे सरकतो आणि फोड येतात ते नेमके तुम्हाला आलेत तिथे, बोटांच्या मुळाशी. आणि मूठ वळल्यावर मनगटाची पट्टी अर्धा इंचाहून जास्त मागेपुढे होता कामा नये.

एवढ्यावर थांबू नका, कारण कोरडा ग्लोव्ह खोटं बोलतो. परत करायची मुदत असेल तर ओली परीक्षा अशी करता येते, की टॅग भिजत नाही: टॅग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, रबर लावा, आणि ग्लोव्ह साध्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा. (दुकानदाराला आधी विचारलेलं बरं.) आता दांडा हवा. झाडूचा दांडा फार बारीक. नळकामवाल्याकडे पाऊण इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा हातभर तुकडा मिळतो. पाऊण इंच हे आतलं माप, बाहेरून तो जवळपास २७ मिलिमीटर भरतो, आणि स्कीचं हँडलही साधारण २५ ते २८ मिलिमीटरच असतं. पाइपावर सायकलची जुनी ट्यूब घट्ट चढवा, मधोमध दोरी बांधून दाराच्या चौकटीवरच्या भक्कम हुकाला किंवा अंगणातल्या आंब्याच्या फांदीला छातीच्या उंचीवर टांगा. ओले ग्लोव्हज घालून दांडा धरा, हात सरळ ठेवा, पाय जमिनीवरच ठेवून मागे रेला, अर्धं वजन हातांवर येईल इतकं. वीस सेकंद धरा, सोडा, असं पाचदा. मग ग्लोव्ह न काढता तळवा बघा. बोटांच्या मुळाशी आडवी सुरकुती पडलीय का? अंगठ्याखालचं कापड बोटांकडे सरकलंय का? टोकाशी पिशवी झालीय का? यातलं काहीही दिसलं तर नदीवर ते दहापट होईल, परत करा. काही न दिसता हात फक्त थोडा आवळल्यासारखा वाटला तर तो तुमचा ग्लोव्ह.

त्याच पाइपावर दांड्याची जाडीही कळते. धरल्यावर बोटांची टोकं तळव्यात रुतत असतील तर दांडा तुम्हाला बारीक; टोकं आणि अंगठ्याखालचा उंचवटा यांत बोटभराहून जास्त अंतर राहत असेल तर जाड. होडीवर हँडल सगळ्यांना एकच असतं, पण विचारून तर बघा, बऱ्याचदा दुसरं पडलेलं असतं. हँडलचं रबर उन्हाने कडक होऊन तडे गेलेलं असेल तर कितीही चांगला ग्लोव्ह महिन्यात जाईल.

घालायची एक पद्धत आहे आणि घाईत सगळे ती चुकवतात. अंगठ्या, काकणं, घड्याळ आधी काढून घरीच ठेवा, पिशवीत नको. ग्लोव्हच्या आत राहिलेली अंगठी ओढीखाली बोटाची गत करते, ती इथे लिहायला नको. नखं कापलेली हवीत. सनस्क्रीन किंवा खोबरेल लावलं असेल तर तळहात साबणाने धुवा. तेलाचा थर ग्लोव्हच्या आत वंगणासारखं काम करतो. आधी चार बोटं घाला, मग दुसऱ्या हाताच्या बोटांनी एकेक बेचकी खाली दाबा, अंगठा शेवटी. तळव्याचं कापड मनगटाकडे ओढून सपाट करा, मूठ वळा, मनगट किंचित आत वाकवा आणि त्या स्थितीत वेल्क्रो लावा. हात सरळ ठेवून आवळलात तर मूठ वळल्यावर पट्टी रुतते आणि दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. आणि हे सगळं होडीत बसून करा, वाळूत नाही. वाळूचे चार कण आत गेले की ग्लोव्हचा सँडपेपर होतो. काढताना बोटांची टोकं धरून ओढू नका, ओली शिवण उसवते. मनगटाकडून गुंडाळत उलटा करून काढा.

पुढच्या वेळी फोड कुठे येतो ते बघत चला, त्यावरून बरंच कळतं. बोटांच्या मुळाशी आला तर ग्लोव्ह सैल, किंवा दांडा तळव्यात फार खोल धरलाय. अंगठ्याच्या बेचकीत आला तर अंगठ्याने गच्च आवळताय. तळव्याच्या मधोमध आला तर कापडाची घडी. नखं निळी पडली तर ग्लोव्ह आखूड. तुमच्या बाबतीत आमचा संशय पहिल्याच्या दोन्ही कारणांवर आहे. दोन स्कींवर दोन्ही तळवे खाली ठेवून दांडा बोटांच्या आकड्यात अडकवायचा असतो, मुठीत चुरडायचा नसतो. आणि उठताना हँडल छातीकडे ओढायचं नाही. गुडघे पोटाशी, हात सरळ, उठवायचं काम होडीवर सोडायचं. हात वाकवून ओढलं की दरवेळी दांडा बोटांत अर्धा इंच फिरतो, आणि तेवढं फिरणं फोडाला पुरतं. शिकवणारे म्हणतात तसे हात घट्ट होतात हे खरं, पण चुकीच्या पकडीने घट्टा पडतो तो उंच आणि कडक, आणि एक दिवस तोच घट्टा मुळासकट निघतो. घट्टे वाढायला लागले तर आंघोळीनंतर वज्रीने हलके घासून सपाट ठेवा.

रंग भडक घ्या, केशरी किंवा पोपटी. हौस म्हणून नव्हे. होडीतला माणूस तुमचे इशारे हातांवरून वाचतो: अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, डोक्यावर थाप म्हणजे परत चला, पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडले म्हणजे मी ठीक आहे. सकाळच्या चकाकत्या पाण्यात काळे ग्लोव्हज पन्नास फुटांवरून दिसत नाहीत.

निगा थोडक्यात. दर वेळी गोड्या पाण्याच्या बादलीत वेल्क्रो लावून बुडवा, आत-बाहेर धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, सावलीत उलटे टांगा. उन्हात नको, केव्हलारही उन्हाने कमजोर होतं. मीठ राहिलं की वाळून त्याचे खडे होतात आणि ते आतून घासतात. जूनमध्ये जलक्रीडा बंद झाल्या की ग्लोव्हज पिशवीतच विसरले जातात आणि सप्टेंबरात बुरशीचे हिरवे ठिपके घेऊन बाहेर येतात. ठेवायच्या आधी पूर्ण वाळवा, आत वर्तमानपत्राचे बोळे आणि नव्या पर्सबरोबर येतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. बुरशी आलीच तर पाण्यात थोडं पांढरं विनेगर घालून धुवा. घरातलं माडाचं विनेगर तोणाकात, म्हणजे रश्शात, राहू द्या.

उरलेला डावा ग्लोव्ह होडीवाल्याला देऊन टाका, इंजिनाची गरम झाकणं उघडायला एक हात पुरतो. भावाला मात्र नवी जोडी घेऊन द्यावी लागेल, आणि त्याच्या हाताचं मापही संध्याकाळीच घ्या.